धाव, टायर आणि स्टेपनी

'टायर' ह्या शब्दाला आपल्याकडे एक जुना, देखणा शब्द आहे: धाव. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात ती धाव. ती चाकापेक्षा किंचित लहान घडवायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायची, तापून फुगली की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच वरून पाणी ओतायचं. चर्रर्र आवाज होतो, वाफ उठते, लोखंड आकसतं आणि चाकाचे सगळे लाकडी तुकडे जागच्या जागी आवळले जातात. इंग्रजीतला 'टायर' हा शब्दसुद्धा मुळात ह्याच लोखंडी पट्टीचा. 'अटायर' म्हणजे पोशाख, त्यावरून तो आला असं मानतात. चाकाला घातलेला पोशाख! रबर, हवा, ट्यूब ही मंडळी फार नंतर आली.

आता ह्या धावेची गंमत बघा. कठीण रस्त्यावर ती झकास चालते. अरुंद, टणक, गोल. पण पहिल्या पावसानंतर काळ्या रानात गाडी घाला, तीच धाव सुरीसारखी जमिनीत शिरते. कठीण रस्त्याला जे चाक आवडतं, ते मऊ जमिनीला आवडत नाही आणि मऊ जमिनीला जे हवं ते रस्त्यावर जड जातं. गाडीवाला बिचारा दोन्हीकडून जाणार. टायरचा सगळा इतिहास हा ह्या एका भांडणाचा इतिहास आहे असं मला वाचता वाचता वाटायला लागलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

हवा भरलेल्या टायरचं श्रेय आपण सगळे शाळेपासून डनलॉपला देत आलो. पण त्याच्या चाळीसेक वर्षं आधी रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या एका स्कॉटिश तरुणाने ही कल्पना कागदावर आणून तिचं पेटंट घेतलं होतं. साल १८४५, वय जेमतेम तेवीस. आत रबर लावलेल्या कापडाची हवाबंद नळी आणि बाहेरून चामड्याचं आवरण. नाव ठेवलं 'एरियल व्हील्स', म्हणजे हवाई चाकं. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये ही चाकं घोडागाडीला लावून दाखवली. गाडी ओढायला सोपी जात होती आणि आवाज जवळजवळ नाहीसा झाला होता. चाकांचा एक संच म्हणे बाराशे मैल चालला. तरीही धंदा काही जमला नाही. रबर महाग, सायकलींचा जमाना यायचा होता, मोटार तर कोणाच्या स्वप्नातही नव्हती. प्रश्न पडायच्या आधीच उत्तर देणाऱ्या माणसाचं जे होतं ते थॉमसनचं झालं.

पुढे १८६७ मध्ये त्याने रस्त्यावरून चालणाऱ्या वाफेच्या इंजिनाला जाड, भरीव रबराची चाकं लावली. अशी इंजिनं हिंदुस्थानातही आली. आर. ई. बी. क्रॉम्प्टन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने १८७० च्या दशकात पंजाबात ग्रँड ट्रंक रोडवर त्यांच्यामागे डबे जोडून 'सरकारी वाफगाडी' चालवण्याचा प्रयोग केला. रुळांशिवाय आगगाडी! प्रयोग काही वर्षांत गुंडाळला गेला, पण रबरी चाकांवर चालणारं स्वयंचलित वाहन आपल्या मातीवर मोटारीच्या कितीतरी आधी धावून गेलं होतं, हे वाचून मला मौज वाटली.

मग १८८८. बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेले जॉन बॉईड डनलॉप आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली नळी बसवतात आणि पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते हे की थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचं मूळ पेटंट टिकलं नाही. नाव मात्र असं टिकलं की आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात रबरी चाकांच्या बैलगाडीलाच लोक 'डनलॉप' म्हणू लागले. ऊसतोड कामगारांमध्ये आजही 'टायर' म्हटलं की टायरची बैलगाडी.

इथे क्षणभर थांबावंसं वाटतं. टायर आल्यावर बैलाचं ओझं हलकं व्हायला हवं होतं. गाडी सोपी ओढली जाते म्हटल्यावर माणसाने काय केलं? तिच्यात आणखी ऊस भरला. बैलाच्या मानेला त्या सुधारणेतलं फार थोडं पोचलं. टायरने दिलेली सवलत माणूस लगेच दुसरीकडे खर्च करून टाकतो, हे पुढेही वारंवार दिसतं.

मोटारीला हवेचे टायर लावण्याचं धाडस मिशलँ बंधूंनी केलं. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत त्यांची गाडी हवेच्या टायरांवर धावली. धावली म्हणजे काय, वाटेत पुन्हा पुन्हा पंक्चर होत, ट्यूबा बदलत कशीबशी परत आली. लोक हसले असतील. पण पुढच्या काही वर्षांत भरीव टायर मोटारींवरून हटत गेले.

हे सुरुवातीचे टायर मात्र गुळगुळीत होते. आपण ज्याला 'टायर गोटा झालाय' म्हणतो, तसे गोटे नवेच विकत मिळायचे! आणि कोरड्या, कठीण रस्त्यावर गोटा टायर वाईट नसतो, उलट जास्तीत जास्त रबर रस्त्याला टेकल्याने पकड चांगली मिळते. म्हणून तर फॉर्म्युला वनच्या गाड्या कोरड्या ट्रॅकवर आजही नक्षी नसलेले टायर वापरतात. खोड आहे पाण्यात. ओल्या रस्त्यावर रबर आणि रस्ता ह्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो, तो बाजूला जायला वाट नसली की गाडी घसरते. त्यावर आधी चामड्याच्या पट्ट्यांवर लोखंडी खिळे ठोकून ते टायरवर बसवण्याचे उद्योग झाले. १९०४ मध्ये जर्मनीच्या काँटिनेंटलने नक्षीचा टायर आणला. १९०८ मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने तर कमालच केली: टायरवर 'फायरस्टोन नॉन स्किड' ही अक्षरंच तिरपी कोरली. नक्षीची नक्षी आणि मातीच्या रस्त्यावर उमटणारी फुकट जाहिरात! त्याच सुमारास गुडइयरचा हिऱ्यांच्या नक्षीचा 'ऑल वेदर' टायर आला. 'सगळ्या हवामानांसाठी एकच' हे आश्वासन तेव्हापासूनचं आहे.

म्हणजे टायरवरच्या खाचा ह्या मुळात पाण्याला वाट करून देण्यासाठी. चिखलाची कथा वेगळी. चिखलात खाच नाही, दात लागतो. जमिनीत रुतून तिला मागे ढकलणारा जाड, उंच, एकमेकांपासून लांब बसवलेला दात.

हा दात खऱ्या अर्थाने वाढला तो शेतात. १९३२ पर्यंत ट्रॅक्टरला लोखंडी चाकं असत. त्या वर्षी अमेरिकेत ॲलिस-चामर्स कंपनीने ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर लावले आणि थोड्याच काळात तिरप्या दांड्यांची ती ओळखीची नक्षी रूढ झाली. त्या दांड्या तिरप्या का, तर चाक फिरताना दोन दांड्यांमधला चिखल बाहेर फेकला जावा म्हणून. हे फेकणं फार महत्त्वाचं. ज्या टायरच्या खाचा चिखलाने भरल्या तो टायर, दात कितीही मोठे असोत, त्या घटकेला गोटाच असतो. आपली काळी माती ह्या बाबतीत किती चिवट आहे हे तिच्यातून चप्पल घालून चाललेल्या माणसाला सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धात जीप आली. तिचा टायर ६.००-१६ मापाचा, अरुंद, आडव्या जाड दांड्यांचा आणि पुढे-मागे कुठेही फिरवा सारखाच दिसणारा. जमिनीवरच्या ठशांवरून गाडी कुठल्या दिशेला गेली हे शत्रूला कळू नये म्हणून तो तसा केला, अशी गोष्ट जीपवेडे लोक रंगवून सांगतात. सरळ फायदा असा की तो कुठल्याही चाकाला कसाही बसवता येई आणि गाडी रिव्हर्समध्येही तेवढीच जोर लावी. १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीजची जीप जोडायला सुरुवात केली आणि जीपबरोबर हे मापही आपल्याकडे आलं. पुढची कित्येक दशकं तहसीलदार, फौजदार, वनखातं, साखर कारखान्याचे चेअरमन सगळे ६.००-१६ वर फिरले. त्या दांड्यांच्या टायरचा डांबरी रस्त्यावरचा 'गूंऽऽ' आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना तो विसरता येणार नाही. पावसात ब्रेक दाबल्यावर त्या जीपा कशा थांबत, तेही नाही.

मला ह्या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडलेला माणूस मात्र टायर बनवणारा नव्हता. राल्फ बॅग्नॉल्ड हा ब्रिटिश सैन्यातला इंजिनिअर. १९२० च्या दशकात इजिप्तमध्ये असताना सुट्टीच्या दिवसांत मित्रांना घेऊन फोर्डच्या साध्या गाड्यांनी लिबियाच्या वाळवंटात घुसायचा. मधली काही वर्षं त्याने हिंदुस्थानातही नोकरी केली. वाळूत गाडी रुतते ह्यावर त्याचे उपाय दोन: चाकाखाली घालायला लोखंडी पाटे आणि टायरमधली हवा कमी करणं. ह्याच अनुभवावर १९४० मध्ये त्याने कैरोमध्ये 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' उभा केला, ज्यात पुढे एक भारतीय तुकडीही सामील झाली. वाळूच्या अभ्यासावर त्याने १९४१ मध्ये लिहिलेलं पुस्तक शास्त्रज्ञ अजूनही वापरतात.

हवा कमी केल्याने नेमकं काय होतं ते आकड्यांत बघू. समजा गाडी माणसांसकट १८०० किलोची. एका चाकावर ४५० किलो. टायरमध्ये ३० पीएसआय हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो. भागाकार केला की सुमारे २१४ चौरस सेंटिमीटर येतात. ढोबळमानाने एवढंच रबर जमिनीला टेकलेलं असतं, आपल्या पसरलेल्या पंजाएवढं. हवा निम्मी, १५ पीएसआय केली की हीच जागा जवळजवळ दुप्पट होते आणि जमिनीवरचा दाब निम्मा. उंटाचा पाय पसरट का असतो ह्याचं उत्तर ह्याच भागाकारात आहे. नवीन टायर न घेता, एक पैसा खर्च न करता, चाकाचा स्वभाव बदलला!

पण हिशेब इथे संपत नाही. १९६३ मध्ये अमेरिकेत नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरांवर प्रयोग करून एक सूत्र मांडलं. साचलेल्या पाण्यावर टायर कुठल्या वेगाला तरंगू लागतो ते त्यातल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतं. त्या सूत्राने ३० पीएसआयला हा वेग ताशी साधारण ९१ किलोमीटर येतो आणि १५ पीएसआयला अवघा ६५. मोटारीच्या नक्षीदार टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण दिशा तीच. वाळूत तारणारी कमी हवा ओल्या हायवेवर घात करते. शिवाय कमी हवेचा टायर वेगात धावला की त्याच्या भिंती सारख्या दबून तापतात आणि तापलेला टायर फुटतो.

दोन्ही टोकं जवळ आणणारी मोठी सुधारणा म्हणजे रेडियल. मिशलँने १९४६ मध्ये तिचं पेटंट घेतलं. जुन्या टायरमध्ये, ज्याला आपल्याकडे सरसकट 'नायलॉनचा टायर' म्हणतात, आतले दोरे एकमेकांवर तिरपे असतात. त्यामुळे भिंत वाकली की जमिनीला टेकणारा भागही वेडावाकडा होतो. रेडियलमध्ये भिंतीतले दोरे सरळ आडवे आणि नक्षीखाली पोलादी पट्टे. भिंत मऊ राहते, तळवा सपाट राहतो. ह्याच बांधणीवर १९७६ मध्ये बीएफ गुडरिचने ऑल-टेरेन टायर आणला: दात मध्यम, खाचा मध्यम, थोडा डांबराचा, थोडा मातीचा. आज दुकानात एच/टी, ए/टी, एम/टी अशी जी नावं ऐकू येतात (हायवे, ऑल-टेरेन आणि मड-टेरेन), ती ह्याच भांडणातल्या तीन तडजोडी आहेत.

आता हे सगळं मी का वाचत बसलो ते सांगतो. माझ्या भाच्याने एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली. टायर बदलायला आलेत आणि त्याला एम/टी हवेत. दिसायला दणकट असतात हे खरं, पण त्याचं कारण नुसतं दिसणं नाही. माझ्या बहिणीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंत दोन किलोमीटर काळं रान, पुढे घाट धरून अठ्ठावीस किलोमीटर रस्ता. पावसाळ्यात गाडी रानातच रुतली तर डायलिसिस चुकतं. मामा, तुझं हायवे टायर तुझ्यापाशीच ठेव, असं तो म्हणाला, तेव्हा त्याला लगेच उत्तर देता आलं नाही. त्याची भीती खरी होती.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, आठवड्यातून दोनदा, वर्षाचे सव्वासहा हजार. त्यात पावसाळ्याच्या सतरा-अठरा आठवड्यांत चिखलाचे किती? रोजचे चार, म्हणजे सगळे मिळून दीडशेच्या आत. एम/टीच्या खाचांत पाण्याला जागा भरपूर असते हे खरं, पण रस्त्याला टेकणारं रबर कमी आणि ओल्या डांबराला धरून ठेवणाऱ्या बारीक चिरा कमीच. म्हणजे त्या दीडशे किलोमीटरांसाठी ओल्या घाटातली पकड थोडी सोडून द्यायची, तीही आई शेजारी बसलेली असताना. आणि काळी माती त्या दातांतही भरतेच.

पण म्हणून चिखलाचा प्रश्न उडून जात नाही. तो टायरबाहेर सोडवायचा असं ठरलं. टायर ए/टी, तेही ओल्या रस्त्यावर ब्रेक चांगला लागण्याबद्दल नाव असलेले. रानातल्या वाटेवर सगळ्यांत वाईट दोन ठिकाणी मुरूम. गाडीत दोन पाटे, बॅग्नॉल्डची आठवण म्हणून. एक हवा मोजायचं मीटर आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप: वस्तीवरून निघताना हवा अठरा-वीसवर आणायची, रान हळू पार करायचं आणि सडकेला लागलं की थांबून, कितीही घाई असली तरी, पूर्ण हवा भरूनच पुढे निघायचं. झड लागली असेल त्या दिवशी गाडी आदल्या संध्याकाळीच सडकेला लावायची आणि सकाळी बहिणीला ट्रॅक्टरने तिथवर आणायचं. बहिणीने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "टायर कुठलेही घाला, पण मला वेळेवर घरी आणा." तिच्या दृष्टीने विषय संपला.

तुमच्यापैकी कोणी टायर घेणार असाल तर माझं एवढंच सांगणं: दुकानात जाण्याआधी वर्षभराचे किलोमीटर डांबर आणि माती असे दोन रकान्यांत मांडा आणि शेजारी लिहा, कुठे चूक झाली तर काय गमवावं लागेल. रुतलेली गाडी बऱ्याचदा शेजारच्याचा ट्रॅक्टर काढतो. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, तेही बघा. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. न वापरता पडून राहिलेलं रबरही कडक होत जातं. नक्षीची खोली कायद्याने मोटारीला किमान १.६ मिलिमीटर हवी, पण पावसाळ्याच्या तोंडावर तिथपर्यंत वाट बघू नये.

जाता जाता अजून एका शब्दाबद्दल. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस नावाच्या बंधूंनी मोटारीसाठी जादा चाक विकायला सुरुवात केली. पंक्चर झालं की ते चाकावर अडकवायचं आणि घर गाठायचं. त्यांचा धंदा केव्हाच संपला. इंग्लंडात हा शब्द फारसा कोणाला माहीत नसतो, पण आपल्याकडे गावोगावच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी आजही 'स्टेपनी' आहे. धाव हा शब्द आपण विसरत चाललोय, स्टेपनी मात्र घट्ट धरून बसलोय!

तर मंडळी, तुमच्या स्टेपनीतली हवा शेवटची कधी तपासली होती?